चंचल मूल आणि मेंदूवरील गोळी

ज्या घरात पाच-सात मुले एकत्र वाढतात, त्या घरात एक तरी मूल असे असते की त्याच्या नावाने दिवसातून दहा वेळा हाक मारावी लागते. पुस्तक समोर उघडे असते, पण डोळे खिडकीबाहेर असतात. पाण्याचा तांब्या आणावयास पाठवावे तर वाटेत मांजर दिसते, आणि तासाभराने तांब्या अंगणात सापडतो. गणित येत असते; पण प्रश्न पुरता वाचून होण्यापूर्वीच उत्तर लिहिले गेल्यामुळे ते चुकते. अशा मुलास आपण पिढ्यान्‌पिढ्या वांड, उनाड, धांदरट, वेंधळा अशी नावे देत आलो. अलीकडे यांपैकी काही मुलांच्या बाबतीत डॉक्टर निराळेच नाव सांगतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास एडीएचडी म्हणतात. आम्ही या लेखात त्यास अवधानन्यूनता म्हणू.

नावापाठोपाठ पुष्कळदा गोळी येते, आणि गोळीपाठोपाठ घरात दोन पक्ष पडतात. आमच्या गारखेड्यात सायंकाळी फिरावयास निघाले म्हणजे कोणी तरी आजोबा थांबवून विचारतात, “मास्तर, नातवाला मेंदूवरची गोळी लिहून दिली आहे. द्यावी की न द्यावी?” एका पक्षास वाटते की, कोवळ्या मेंदूवर हे विषच होय, दुसऱ्यास वाटते की, गोळी पोटात गेली म्हणजे पुढच्या चाचणीत पहिला नंबर ठरलेला. ती गोळी मेंदूत जाऊन नेमके काय करते याची चौकशी मात्र दोन्ही पक्षांनी केलेली नसते. आम्ही वैद्य नाही. परंतु आयुष्य मुलांमध्ये गेले असल्यामुळे हा विषय समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहो. गोळी द्यावी की नाही हा निर्णय मूल तपासणाऱ्या डॉक्टरांचा व आईबापांचा आहे. तो अज्ञानाने होऊ नये एवढाच या लेखाचा हेतू.

खोडकरपणा कोणता आणि दोष कोणता

प्रथम हे सांगितले पाहिजे की, हा विकार काही आजकालच्या मोबाईलने जन्मास घातलेला नव्हे. स्कॉटलंडमधील वैद्य अलेक्झांडर क्रायटन याने १७९८ साली छापलेल्या ग्रंथात, चित्त कोठेच ठरत नाही अशा माणसांचे वर्णन केले आहे. लंडनचे बालवैद्य जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली दिलेल्या व्याख्यानांत, बुद्धी चांगली असूनही स्वतःस आवरू न शकणाऱ्या मुलांची हकीगत सांगितली. जगभरच्या पाहण्यांचा मेळ घातला तर शंभर मुलांमागे सुमारे पाच मुलांत हा दोष आढळतो. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात दोन-तीन मुले अशी असावयाचीच.

मात्र प्रत्येक खोडकर मूल यात मोडत नाही. लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसू लागलेली असावीत, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली असावीत, आणि ती घरी व शाळेत अशी किमान दोन ठिकाणी दिसावीत, अशी निदानाची कसोटी आहे. केवळ शाळेत धिंगाणा घालणारे आणि घरी शांत बसणारे मूल असेल, तर आधी शाळेकडे पाहावे. कान, डोळे, झोप, रक्तातील लोह, घरातील कलह यांमुळेही मन ठिकाणावर राहत नाही. ती कारणे आधी धुंडाळावीत. दुसरी गोष्ट मुलींची. मुलगा बाकावर चढतो म्हणून लक्षात येतो. मुलगी गप्प बसून मनाने दूर गेलेली असते आणि कोणास त्रास देत नाही, म्हणून वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ‘मठ्ठ’ असा शिक्का घेऊन ती वरच्या वर्गात ढकलली जाते. आमच्या अध्यापनकाळात अशा मुली आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत.

या मुलांचा मेंदू नासलेला असतो असे नव्हे. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली हा दोष असलेल्या २२३ मुलांच्या मेंदूची चित्रे तितक्याच इतर मुलांच्या चित्रांशी ताडून पाहिली. मेंदूच्या वरच्या सालीची जाडी वाढत जाऊन एका वयात कमाल होते आणि मग ती घटू लागते. इतर मुलांत हा टप्पा साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास आला, तर या मुलांत साडेदहाच्या सुमारास. सर्वांत अधिक उशीर कपाळामागच्या भागात दिसला. वाढीचा क्रम तोच, पण चाल मंद. दहा वर्षांच्या मुलाकडून आपण दहा वर्षांचा आवर मागतो, आणि त्याच्याजवळ तो सात वर्षांचा असतो, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

औषध सापडले कसे

या औषधाचा शोध कोणी मुद्दाम लावला नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंड येथे एका धनिक जोडप्याने मेंदूच्या विकाराने पीडित झालेल्या आपल्या मुलीच्या स्मरणार्थ मुलांसाठी रुग्णालय काढले होते. तेथील वैद्य चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूची चित्रे घेत. त्या काळच्या रीतीने त्यासाठी पाठीच्या कण्यातील द्रव काढावा लागे, आणि मागाहून मुलांचे डोके असह्य दुखे. द्रव पुन्हा लवकर भरून यावा या आशेने ब्रॅडली यांनी बेंझेड्रिन नावाचे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी हटली नाही. परंतु शिक्षकांनी येऊन सांगितले की, मुले एकाएकी अभ्यास करू लागली आहेत. १९३७ साली त्यांनी ३० मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे निम्म्या मुलांत शालेय कामात ठळक सुधारणा पहिल्याच आठवड्यात दिसली. मुले या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली.

पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरी, सिबा या कारखान्यात लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञाने मिथाइलफेनिडेट हे द्रव्य तयार केले. त्याची पत्नी मार्गरिट ते घेऊन टेनिस खेळे, आणि खेळ सुधारला असे सांगे. तिच्या रिटा या लाडक्या नावावरून औषधास रिटालिन हे नाव पडले. आज आपल्या देशात या विकारावर दिले जाणारे प्रमुख उत्तेजक औषध हेच होय. आपल्या दुकानांत ते निरनिराळ्या नावांनी मिळते, म्हणून चिठ्ठीवर मूळ द्रव्याचे नाव पाहावे.

गोळी मेंदूत काय करते

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. एक पेशी दुसरीस निरोप देते तो तारेसारखा थेट जोडून नव्हे. दोहोंमध्ये मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाइतकी फट असते. पहिली पेशी त्या फटीत एक रासायनिक द्रव्य सोडते, दुसरी ते ग्रहण करते, आणि निरोप पोहोचतो. अशी द्रव्ये अनेक आहेत. आपल्या विषयात दोन महत्त्वाची : डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन. निरोप दिल्यावर ते द्रव्य फटीत पडून राहिले तर पुढचा निरोप कळणार नाही. म्हणून पहिल्या पेशीच्या भिंतीवर ते परत ओढून घेणारे वाहक असतात.

हा व्यवहार पंगतीच्या दृष्टांताने समजेल. वाढपी पानावर वाढतो, जेवणारा जेवतो, आणि मग कोणी तरी पान उचलतो. पान उचलणारा फार घाईचा असेल तर वाढलेले पानावरून तसेच जाईल आणि जेवणारा उपाशी उठेल. मिथाइलफेनिडेट या पान उचलणाऱ्याचा हात काही वेळ धरून ठेवते. ते नवे अन्न शिजवीत नाही. पानावर जे पडले ते थोडा अधिक वेळ राहू देते. बेंझेड्रिनच्या जातीची औषधे याच्या पुढे जातात. ती हात तर धरतातच, शिवाय कोठारातील माल बाहेर लोटतात.

हे नुसते अनुमान नव्हे. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत नोरा व्होल्कोव्ह यांनी किरणोत्सर्गी द्रव्याच्या खुणेने जिवंत माणसाच्या मेंदूत हे वाहक पाहिले. नेहमीच्या मात्रेत तोंडाने घेतलेली गोळी डोपामिनचे सुमारे निम्मे किंवा त्याहून अधिक वाहक अडवते, असे त्यांना दिसून आले. त्यामुळे फटीतील डोपामिन वाढते हेही २००१ साली त्यांनी दाखवून दिले. साध्या गोळीचा अंमल सुमारे चार तास राहतो. सावकाश विरघळणारी गोळी आठ ते बारा तास टिकते. अंमल उतरला की वाहक पूर्ववत कामास लागतात.

डोपामिन वाढल्याने चित्त स्थिर कसे होते? कपाळामागचा मेंदूचा भाग हा आवर घालण्याचे स्थान आहे. काय करावयाचे, काय सोडावयाचे, आता बोलावे की थांबावे, हे तेथे ठरते. येल विद्यापीठातील एमी आर्न्स्टेन यांनी दाखविले की, या भागास ही दोन्ही द्रव्ये नेमक्या प्रमाणात लागतात. कमी पडली तर मन भरकटते. फार झाली तरी काम बिघडते. भाजीतील मिठासारखाच हा प्रकार आहे. म्हणून डॉक्टर अल्प मात्रेने आरंभ करून हळूहळू वाढवतात, आणि शेजारच्या मुलास लागू पडलेली मात्रा आपल्या मुलास चालेलच असे नाही. मात्रा जास्त झाली तर मूल शांत दिसते, पण त्याचा चेहरा निर्विकार होतो आणि हसणे मावळते. ही शांतता म्हणजे सुधारणा समजू नये. ती डॉक्टरांच्या कानी घालावी.

डोपामिनचे दुसरे कार्य गोडीचे आहे. एखादे काम करण्याजोगे वाटणे, त्याचे फळ मिळेल अशी ओढ लागणे, हे मेंदूच्या खोल भागातील याच द्रव्यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते. अवधानन्यूनता असलेले मूल पतंग उडवताना तासन्‌तास रमते, आणि पाढे लिहिताना पाच मिनिटांत उठते, हे पाहून वडीलधारी म्हणतात, “मनात आणले तर जमते, म्हणजे हा लबाडच!” वस्तुतः अडचण येथेच आहे. नीरस कामास लागणारी गोडी त्याच्या मेंदूत पुरेशी उत्पन्न होत नाही. सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ च्या अखेरीस ‘सेल’ या नियतकालिकात पाच हजारांहून अधिक मुलांच्या मेंदूचित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ ते अकरा वर्षांची ही मुले होती. उत्तेजक औषध घेतलेल्या मुलांत मुख्य फरक दिसला तो जागृती व गोडी यांच्या केंद्रांत. ज्या जाळ्यास आजवर अवधानाचे जाळे मानीत, त्यात तो विशेष दिसला नाही. आणखी एक गोष्ट अशी की, अपुरी झोप झालेल्या मुलाने औषध घेतले असता त्याचे चित्र पुरती झोप झालेल्या मुलासारखे दिसू लागले. यावरून प्रत्येक घराने एक बोध घ्यावा. रात्री अकरापर्यंत दूरदर्शन संचासमोर बसणाऱ्या आणि पहाटे शिकवणीस उठणाऱ्या मुलाचे मन ठरत नसेल, तर गोळी त्याची निजेची उणीव केवळ झाकेल.

चंचल मुलास उत्तेजक औषध दिल्याने ते शांत होते, तेव्हा त्याचा मेंदू उलटा चालत असला पाहिजे, असा एक समज पूर्वी डॉक्टरांतही होता. १९७८ साली ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी हा दोष नसलेल्या मुलांस तसेच औषध देऊन पाहिले. तीही कमी वळवळू लागली व त्यांचे अवधान वाढले. म्हणून “गोळीने गुण आला, त्याअर्थी रोग होताच” हा युक्तिवाद खोटा आहे. निदान गोळीपूर्वी व्हावयास पाहिजे.

उत्तेजक न सोसणाऱ्या मुलांसाठी ॲटोमॉक्सेटिन हे दुसरे औषध आहे. अमेरिकेत ते २००२ साली मान्य झाले आणि आपल्याकडेही मिळते. ते नॉरॲड्रिनलिनच्या वाहकास अडवते. कपाळामागच्या भागात डोपामिनही बहुतांशी याच वाहकाने उचलले जात असल्यामुळे तेथे दोन्ही द्रव्ये वाढतात. मात्र याचा गुण तासाभरात दिसत नाही. कित्येक आठवडे वाट पाहावी लागते. आठ दिवसांत “काही उपयोग नाही” म्हणून ते सोडणे चुकीचे होय. आरंभीच्या काळात मूल खिन्न झाले किंवा जिवाचे वाईट बोलू लागले, तर विलंब न लावता डॉक्टरांस कळवावे.

भीती कितपत खरी

पहिली भीती व्यसनाची. ती अगदी निराधार नाही, कारण कोकेन हेही डोपामिनच्या याच वाहकास अडवते. भेद आहे तो वेगाचा. कोकेन मेंदूवर क्षणांत आदळते आणि त्या आघातानेच चटक लागते; तोंडाने घेतलेली गोळी तासाभराने हळूहळू चढते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेतलेली मुले पुढे अधिक व्यसनाधीन झाली, असे दीर्घकाळच्या पाहण्यांत आढळलेले नाही. परंतु याच द्रव्याचा दुरुपयोग करता येतो, म्हणून आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत मिथाइलफेनिडेटचा समावेश आहे. औषधविषयक नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टातही ते येते. त्यामुळे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, आणि एक प्रत दुकानदारास दोन वर्षे जपून ठेवावी लागते. दुकानदाराने कसून चौकशी केली तर त्यात अपमान मानू नये. घरात ती गोळी कुलपात ठेवावी, आणि मोजून ठेवावी.

दुसरी भीती प्रकृतीची. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, डोके किंवा पोट दुखणे, नाडी किंचित जलद होणे, हे परिणाम पुष्कळ मुलांत दिसतात. बरीच वर्षे सतत औषध घेतलेल्या मुलांची उंची एक-दोन सेंटिमीटर कमी भरते, असेही आढळले आहे. म्हणून दर काही महिन्यांनी उंची, वजन, नाडी व रक्तदाब पाहणे जरूर आहे. कुटुंबात कोणास तरुण वयात हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारण्यापूर्वीच सांगावे. क्वचित भास होणे किंवा अंगाला झटके येणे असेही घडते. अशा वेळी औषध चालू ठेवावे की नाही हे त्याच दिवशी विचारावे.

औषध न देण्यातही धोका असतो, याचा विसर पडू नये. ज्या मुलास दहा वर्षे रोज “तू वाया गेलास” असे ऐकावे लागते, ते शेवटी खरोखरच तसे समजू लागते. स्वीडनमध्ये २५ हजारांहून अधिक प्रौढ रुग्णांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्यात पुरुषांच्या हातून घडणारे गुन्हे औषध चालू असलेल्या काळात ३२ टक्क्यांनी कमी आढळले. आवर सुटल्याची किंमत केवळ परीक्षेतील गुणांत मोजता येत नाही, हे यावरून दिसेल.

गोळीला जे जमत नाही

आता दुसऱ्या पक्षाविषयी, म्हणजे गोळीकडून चमत्काराची अपेक्षा करणाऱ्यांविषयी. अमेरिकेत सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवर केलेल्या मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९९ साली बाहेर आला. चौदा महिन्यांनी पाहता, काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने चंचलता व अनवधान सर्वांत अधिक कमी झाले होते. औषधास वर्तन-शिक्षणाची जोड दिलेल्या मुलांत आईबापांशी संबंध अधिक सुधारले, आणि मात्राही कमी पुरली. परंतु प्रयोग संपून मुले आपापल्या वाटेने गेल्यावर, तीन वर्षांच्या अखेरीस चारही गटांत फारसा फरक उरला नाही. गोळी दार उघडून धरते, पण मुलास आत नेऊन बसवणे घरच्यांच्या व शिक्षकांच्या हाती असते.

निरोगी विद्यार्थ्यास तर हिचा अपायच अधिक. आमच्या शहरात स्पर्धापरीक्षांची व वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणारी मुले मराठवाड्यातून येऊन राहतात, आणि त्यांच्यात “बुद्धीची गोळी” असा शब्द कानी येतो. मेलबर्न व केंब्रिज येथील संशोधकांनी २०२३ साली ४० निरोगी माणसांस अशी औषधे देऊन अवघड कोडी सोडवावयास लावली. त्यांनी वेळ अधिक घालवला, खटपट अधिक केली, पण कामाचा दर्जा खालावला. आणि जे मूळचे हुशार होते त्यांचाच अधिक. उत्साह वाढला म्हणजे बुद्धी वाढली, असे त्या बिचाऱ्यांस वाटत राहते.

अक्षरओळखीचेही तसेच. अवधानन्यूनता असलेल्या पुष्कळ मुलांत वाचन-लेखनाचा स्वतंत्र दोषही असतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉक्टरांनी अशा दुहेरी अडचणीच्या मुलांचा अभ्यास केला आहे. गोळीने मूल पुस्तकासमोर बसेल. पण ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद ती शिकवणार नाही. त्यासाठी निराळ्या पद्धतीचे अध्यापनच हवे. लेखन-वाचनाचा दोष असलेल्या मुलांस परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय आपल्या महाराष्ट्राने १९९६ साली, इतर राज्यांच्या आधी घेतला. २००७ साली ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला तेव्हा घराघरांत त्या दोषाची चर्चा झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही त्यास स्थान मिळाले. अवधानन्यूनतेचा मात्र त्या कायद्याच्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणून या मुलांचा भार अधिकच घर व शाळा यांवर पडतो.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली आपल्या देशासाठी यासंबंधी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्याचे सार असे की, सहा वर्षांखालील मुलास आधी वर्तन-शिक्षण द्यावे. त्याहून मोठ्या मुलास गरज असेल तर औषध द्यावे, पण घरच्यांचे व शिक्षकांचे शिक्षण त्याबरोबर व्हावे.

एकत्र कुटुंबात काय करावे

एकत्र कुटुंबाचा अशा मुलास मोठा आधार असतो आणि मोठा अडथळाही. आमच्या परिचयाच्या एका घरी आई सकाळी गोळी देई, आणि ती बाहेरगावी गेली की आजी ती मायेने बंद करी. दोघीही एकमेकींस सांगत नसत. डॉक्टरांस वाटले, औषध पुरत नाही. त्यांनी मात्रा वाढवली. वाढवलेली मात्रा मुलास सोसली नाही, आणि शेवटी दोष औषधावर आला. दोघींचा हेतू शुद्ध होता. पण त्यांच्या मौनाचा त्रास भोगला त्या मुलाने. तेव्हा पहिला नियम हा की, गोळी देण्याचे काम घरातील एकाच व्यक्तीकडे असावे, आणि इतरांचे मतभेद मुलाच्या व गोळीच्या मध्ये न आणता डॉक्टरांसमोर मांडावेत.

दुसरा नियम जेवणाचा. गोळीचा अंमल असता भूक लागत नाही, म्हणून दुपारचा डबा भरलेलाच परत येतो आणि आजी हवालदिल होते. सकाळी गोळीपूर्वी पोटभर न्याहारी द्यावी. भाकरी, तूप, दूध, उपमा, जे रुचेल ते. रात्री अंमल उतरल्यावर भूक परत येते. त्या वेळी पुन्हा वाढावे, आणि “अवेळी खातोस” म्हणून बोलू नये.

तिसरा नियम जिभेचा. मूल काही चुकले की, “आज गोळी घेतली नाहीस वाटतं?” हा प्रश्न पाहुण्यांदेखत विचारला जातो. या एका वाक्याने मुलास असे वाटू लागते की, चांगले वागते ती गोळी आणि वाईट वागतो तो मी. चांगल्या कामाचे श्रेय मुलास द्यावे, कारण ते त्याचेच आहे. वाहक अडवण्यापलीकडे गोळीने काही केलेले नसते. गणित त्याने सोडवलेले असते.

चौथा नियम अभ्यासाचा. एका वेळी एकच काम सांगावे, तेही जवळ जाऊन, डोळ्यांत पाहून सांगावे. अर्ध्या तासाचे काम दहा-दहा मिनिटांत विभागावे, आणि पुरे झालेल्या तुकड्याची शाबासकी तेथल्या तेथे द्यावी. आठवड्यानंतरचे बक्षीस या मुलांस फार दूरचे वाटते. रोज एक तास धावणे-खेळणे हवेच. आमच्या गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुलाचे मोठे मैदान आहे, त्याचा लाभ घ्यावा. शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, ज्यास सर्व लोक घाटी म्हणतात, मनोविकारांचा विभाग आहे. तपासणीसाठी मुंबई-पुण्यासच गेले पाहिजे असे नाही.

कठोपनिषदात शरीरास रथ, इंद्रियांस घोडे, मनास लगाम आणि बुद्धीस सारथी म्हटले आहे. आमच्या अल्प बुद्धीस असे वाटते की, या औषधाचा उपयोग लगाम हाती नीट सापडण्यापुरता आहे. घोडे तेच राहतात आणि राहावेत. त्यांच्या वेगामुळेच ही मुले पुढे कित्येक क्षेत्रांत चमकतात. सारथ्याचे शिक्षण मात्र रोज, थोडे थोडे, मोठ्यांनीच द्यावे लागते.

तेव्हा ज्या घरी अशी चिठ्ठी आली असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे. भीतीने ती फाडू नका, आणि हव्यासाने मात्रा वाढवून मागू नका. निदान कशावरून केले ते विचारा. गुण आला की नाही हे कोणत्या खुणेने पाहावयाचे, पुन्हा तपासणी कधी, आणि वर्षाकाठी औषध थांबवून पाहता येईल काय, हेही विचारा. उत्तरे एका वहीत लिहून ठेवा. तीच वही शाळेतील शिक्षकांसही दाखवा, म्हणजे घर, शाळा आणि डॉक्टर हे तिघे एकाच मुलाविषयी बोलू लागतील.